अर्थव्यवस्था वाढली की सत्ता टिकते का? निवडणुकीच्या अंदाजामागची सरळ रेषा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक बातमी हमखास येते: अमुक अर्थतज्ज्ञाच्या मॉडेलनुसार सत्ताधारी पक्षाला इतके टक्के मतं पडणार. मतदारांना कोणी काही विचारलेलं नसतं, प्रचार सुरू व्हायचा असतो, कधी कधी तर उमेदवारही ठरलेले नसतात. तरी आकडा दशांश चिन्हासकट छापून येतो. हा आकडा कुठून येतो, त्यावर कितपत विसंबायचं आणि तो कुठे फसतो, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. त्यासाठी शाळेत शिकलेल्या सरळ रेषेच्या समीकरणापलीकडचं फारसं काही लागत नाही.

या पद्धतीचं नाव रिग्रेशन. मराठी पाठ्यपुस्तकांत तिला समाश्रयण किंवा प्रतिगमन म्हणतात. इथे आपण रिग्रेशनच म्हणू.

आधी रेषा समजून घेऊ

टॅक्सीचं मीटर कसं चालतं? बसल्याबरोबर एक ठरलेली रक्कम पडते आणि पुढे दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम वाढत जाते. हे दोन आकडे माहीत असले की कितीही अंतराचं भाडं काढता येतं. आता उलटा विचार करा. दर माहीत नाही, पण जुन्या सोळा पावत्या हातात आहेत, प्रत्येकीवर अंतर आणि भाडं लिहिलेलं आहे. त्यांवरून सुरुवातीची रक्कम आणि किलोमीटरचा दर शोधून काढायचा. रिग्रेशन हेच काम करतं. अंतराच्या जागी आर्थिक वाढ ठेवा, भाड्याच्या जागी मतांची टक्केवारी.

टॅक्सीच्या पावत्या नेमक्या एका रेषेवर बसतील. निवडणुका तशा बसत नाहीत. आलेखावर सोळा निवडणुकांचे सोळा ठिपके मांडले तर ते रेषेच्या आसपास विखुरलेले दिसतात, आणि पट्टी ठेवून त्यांच्यामधून असंख्य रेषा ओढता येतात. त्यातली एक निवडायला नियम लागतो. प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेने किती लांब आहे ते मोजायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची. ज्या रेषेसाठी ही बेरीज सर्वांत कमी, ती आपली रेषा. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या संदर्भात १८०५ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. तीच आजही वापरात आहे.

वर्ग करण्याचा एक परिणाम ध्यानात ठेवायला हवा. तीन अंकांच्या (म्हणजे टक्केवारीत तीनचा फरक असलेल्या) तीन चुकांचे वर्ग मिळून २७ होतात, नऊ अंकांच्या एकाच चुकीचा वर्ग ८१ होतो. म्हणजे एखादं विचित्र वर्ष रेषेला आपल्याकडे ओढू शकतं, आणि एकूण चुकीचा मोठा हिस्सा एकटंच खाऊन टाकू शकतं. असं एक वर्ष पुढे येणारच आहे.

कोणती वाढ, कोणती मतं?

बहुतेक गोंधळ इथेच होतो. ‘आर्थिक वाढ’ म्हटलं की डोक्यात जीडीपी येतो. पण अमेरिकी निवडणुकांवर काम केलेले डग्लस हिब्स यांनी वेगळा आकडा निवडला: महागाई वजा करून, कर भरून झाल्यावर माणशी हातात उरणाऱ्या उत्पन्नाची वाढ. जीडीपी देशाचं उत्पादन मोजतो, हा आकडा घरात येणाऱ्या पैशाच्या जास्त जवळ जातो.

शिवाय त्यांनी अध्यक्षाच्या संपूर्ण कारकिर्दीची साधी सरासरी घेतली नाही. निवडणुकीजवळच्या तिमाहीला सर्वाधिक वजन, आणि एकेक तिमाही मागे जावं तसं वजन साधारण ०.९ पटीने कमी. एक वर्ष मागच्या तिमाहीचं वजन त्यामुळे सुमारे ०.६६ उरतं, तीन वर्षं मागच्या तिमाहीचं सुमारे ०.२८. मतदार जुनं अगदी विसरत नाहीत, पण अलीकडचं त्यांना जास्त जाणवतं, हे गृहीतक या वजनांत बसवलेलं आहे.

मतांचा आकडाही नीट ठरवावा लागतो. इथे फक्त दोन मोठ्या पक्षांची मतं धरतात आणि त्यांत सत्ताधारी पक्षाचा वाटा काढतात. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली. जॉर्ज बुश (थोरले) यांना ३७.४५ टक्के, बिल क्लिंटन यांना ४३.०१ टक्के. दोघांची बेरीज ८०.४६. त्यात बुश यांचा वाटा ३७.४५ भागिले ८०.४६, म्हणजे ४६.५५ टक्के. आपल्या तक्त्यात १९९२ समोर हाच आकडा जातो. पेरो यांची मतं धरली असती तर त्या एका वर्षाने सगळी रेषा विनाकारण खाली खेचली असती.

सोळा निवडणुका

हिब्स यांच्या पद्धतीने मोजलेली १९५२ ते २०१२ ही मालिका खाली आहे. उमेदवार सत्ताधारी पक्षाचा आहे, विद्यमान अध्यक्षच असेल असं नाही. शेवटचा स्तंभ रेषा काय सांगते त्याचा.

| वर्ष | उमेदवार | वाढ (टक्के) | मिळालेली मतं | रेषेचा अंदाज |
|---|---|---|---|---|
| १९५२ | स्टीव्हन्सन | २.४० | ४४.६० | ५३.६ |
| १९५६ | आयझेनहॉवर | २.८९ | ५७.७६ | ५५.१ |
| १९६० | निक्सन | ०.८५ | ४९.९१ | ४८.९ |
| १९६४ | जॉन्सन | ४.२१ | ६१.३४ | ५९.१ |
| १९६८ | हम्फ्री | ३.०२ | ४९.६० | ५५.५ |
| १९७२ | निक्सन | ३.६२ | ६१.७९ | ५७.३ |
| १९७६ | फोर्ड | १.०८ | ४८.९५ | ४९.६ |
| १९८० | कार्टर | −०.३९ | ४४.७० | ४५.१ |
| १९८४ | रेगन | ३.८६ | ५९.१७ | ५८.१ |
| १९८८ | बुश (थोरले) | २.२७ | ५३.९४ | ५३.२ |
| १९९२ | बुश (थोरले) | ०.३८ | ४६.५५ | ४७.४ |
| १९९६ | क्लिंटन | १.०४ | ५४.७४ | ४९.४ |
| २००० | गोर | २.३६ | ५०.२७ | ५३.५ |
| २००४ | बुश (धाकटे) | १.७२ | ५१.२४ | ५१.५ |
| २००८ | मॅकेन | ०.१० | ४६.३२ | ४६.६ |
| २०१२ | ओबामा | ०.९५ | ५२.०० | ४९.२ |

या ठिपक्यांमधून सर्वांत कमी चुकीची रेषा काढली की समीकरण मिळतं:

मतं = ४६.२५ + ३.०६ × वाढ

४६.२५ म्हणजे वाढ शून्य असताना सत्ताधारी पक्षाला मिळणारा अंदाजे वाटा. उत्पन्न जागच्या जागी अडकलं तर पक्ष हरण्याच्या बाजूला असतो. ३.०६ हा रेषेचा उतार: वाढ एक टक्क्याने जास्त असलेल्या निवडणुकीत सरासरी तीन अंक जास्त मतं दिसतात. आणि ५० चा आकडा गाठायला किती वाढ हवी? (५० − ४६.२५) ÷ ३.०६, म्हणजे सुमारे १.२ टक्के.

१९८०, २००४, २००८ पाहा: अंदाज आणि निकाल यांत अर्ध्या अंकापेक्षा कमी फरक. कार्टर, धाकटे बुश आणि मॅकेन यांच्या प्रचारात, व्यक्तिमत्त्वात, काळात काहीही साम्य नव्हतं, तरी एकाच आकड्यावरून तिघांची मतं इतकी जवळ यावीत हे खरोखर थक्क करणारं आहे. मात्र तक्त्यातली हीच तीन वर्षं उचलून दाखवणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. १९५२ मध्ये चूक नऊ अंकांची आहे.

बातमीत न छापला जाणारा आकडा

रेषेपासून ठिपके साधारण किती लांब पडतात, त्याचंही माप असतं. नाव प्रमाणित त्रुटी. वर सांगितलेल्या वर्गांची बेरीज (इथे सुमारे १९८) घ्यायची, १४ ने भागायची आणि वर्गमूळ काढायचं. सोळाऐवजी १४ का? उतार आणि सुरुवातीची रक्कम हे दोन आकडे याच सोळा ठिपक्यांतून काढले, म्हणून दोन वजा. उत्तर येतं सुमारे ३.८ अंक.

हा आकडा समीकरणाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि बातम्यांत तो जवळजवळ कधीच येत नाही. दोन पक्षांच्या लढतीत निकाल बहुधा ४५ ते ५५ च्या मध्ये लागतो. अशा अरुंद पट्ट्यात ३.८ अंकांची सहज होणारी चूक म्हणजे जिंकणं आणि हरणं यांतला फरक.

मग रेषेचा उपयोग काय? कोणतीच माहिती नसती तर आपण दर वेळी सरासरी सांगितली असती, ५२.०६ टक्के. तेव्हा मतं सरासरीपासून ५.६ अंकांच्या हिशोबाने पसरलेली दिसतात. रेषेमुळे हा पसारा ३.८ वर येतो. सुधारणा खरी आहे आणि मर्यादितही आहे. पुस्तकी भाषेत म्हणायचं तर मतांमधल्या चढउताराचा ५८ टक्के हिस्सा वाढीने उलगडतो. याचा अर्थ अंदाज ५८ टक्के वेळा बरोबर येतो असा नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अंदाजाने लोकप्रिय मतांचा विजेता बरोबर सांगितला का, हे तक्त्यात मोजता येतं: सोळापैकी बारा वेळा. १९५२, १९६८, १९९६ आणि २०१२ मध्ये तो चुकीच्या बाजूला पडला.

२०१६ वर लावून पाहू

मालिका २०१२ ला संपते, म्हणून २०१६ ही रेषेने न पाहिलेली निवडणूक. ओबामांच्या दुसऱ्या कारकिर्दीतली वाढ याच मापाने सुमारे २ टक्के होती. ४६.२५ + ६.१२ = ५२.४. हिलरी क्लिंटन यांना ५२.४ टक्के मतं मिळतील, असा रेषेचा अंदाज.

आता त्यात अनिश्चितता मिसळायची. ठिपक्यांचा पसारा ३.८, त्यावर रेषा स्वतःच थोडी इकडेतिकडे असू शकते, कारण ती केवळ सोळा निवडणुकांवरून काढलेली आहे. दोन्ही मिळून सुमारे ३.९. ५२.४ हा ५० पासून २.४ अंक वर, म्हणजे ३.९ च्या सुमारे ०.६ पट. यावरून निम्म्याहून जास्त मतं मिळण्याची शक्यता निघते जवळपास ७२ टक्के. आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा हवा असेल तर तो ४४ पासून जवळजवळ ६१ पर्यंत जातो. दणदणीत पराभवापासून दणदणीत विजयापर्यंत सगळं त्यात मावतं.

प्रत्यक्षात क्लिंटन यांना दोन पक्षांच्या मतांपैकी ५१.१ टक्के मिळाली. अंदाजात चूक १.३ अंकांची, म्हणजे मॉडेल उत्तम चाललं. आणि राष्ट्राध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प.

मग मॉडेल चुकलं की बरोबर आलं?

मॉडेल देशभरातली मतं सांगतं. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र इलेक्टोरल कॉलेज निवडतं, आणि त्यात बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मतं मिळतात. २०१६ मध्ये ती ३०४ विरुद्ध २२७ अशी पडली. २००० मध्ये अल गोर यांना देशात ५०.२७ टक्के मिळाली, पण फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या फरकाने बुश जिंकले. रेषेला फ्लोरिडा माहीत नाही. कितीही अर्थशास्त्र ओतलं तरी ५३७ मतांचा फरक कोणतंही मॉडेल आधी सांगू शकणार नाही.

सोळा निवडणुकांवरून नियम कसा काढता येईल?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आकड्यातच मिळतं. उतार ३.०६ असला तरी त्याची स्वतःची त्रुटी ०.७ आहे. म्हणजे खरा उतार सुमारे १.६ पासून ४.६ पर्यंत कुठेही असू शकतो. तो शून्य असण्याची शक्यता फारच कमी, म्हणून ‘वाढीचा मतांशी संबंध दिसतो’ हे विधान भक्कम आहे. ‘एक टक्का वाढीला नेमके तीन अंक’ हे विधान तितकं भक्कम नाही.

रेषा किती टिकाऊ आहे हे पाहायची एक साधी कसोटी आहे. एक निवडणूक झाकून ठेवायची, उरलेल्या पंधरांवरून रेषा काढायची, आणि झाकलेल्या निवडणुकीचा अंदाज करायचा. असं सोळा वेळा. आपल्या तक्त्यावर हे केलं की सरासरी चूक (वर्गांची बेरीज इथे १४ ऐवजी १६ ने भागून वर्गमूळ काढलेलं) ३.५ वरून ३.९ वर जाते. फार बिघडत नाही. साध्या रेषेचा हाच फायदा: तिच्यात फक्त दोन आकडे आहेत, ते एखाद्या वर्षाच्या तालावर नाचत नाहीत.

आणखी जुन्या निवडणुका घ्याव्यात, असंही सुचवलं जातं. पण तिमाही उत्पन्नाची विश्वासार्ह अधिकृत मालिका दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. त्यामागे गेलं तर ठिपके वाढतात आणि मोजमाप ढिलं पडतं.

१९५२ आणि १९६८: युद्ध

सर्वांत मोठ्या दोन चुका एकाच दिशेच्या आहेत. वाढ चांगली, तरी सत्ताधारी पक्ष हरला. १९५२ मध्ये कोरियात, १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिक मरत होते. हिब्स यांनी म्हणूनच दुसरा घटक जोडला: युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांचं लोकसंख्येशी प्रमाण. त्यांच्या मॉडेलचं नावच ‘ब्रेड अँड पीस’, भाकरी आणि शांतता.

हे पटण्यासारखं आहे, आणि माझ्या मते धोक्याचंही. नुसतं १९५२ हे एक वर्ष तक्त्यातून काढून पाहा. उतार ३.०६ चा ३.२३ होतो, म्हणजे जवळपास तोच राहतो. पण प्रमाणित त्रुटी ३.८ वरून २.९ वर येते आणि ५८ टक्क्यांचे ७३ टक्के होतात. एक अडचणीचं वर्ष बाजूला केल्याबरोबर मॉडेल कितीतरी हुशार दिसू लागतं. १९५२ ला समजून घेण्यासाठी घटक जोडणं आणि १९५२ ला गप्प बसवण्यासाठी घटक जोडणं, यांतला फरक बाहेरून दिसत नाही. युद्धाच्या बाबतीत कारण आधीपासून उघड होतं आणि ते दोन निवडणुकांना लागू पडतं, म्हणून ते मान्य करता येतं. १९९६ च्या पाच अंकांसाठीही असाच एखादा खास घटक शोधून काढता येईल. शोधू नये.

मग आणखी घटक घातले तर अंदाज सुधारेल ना?

जुन्या निवडणुकांवर तो नक्की सुधारलेला दिसेल, कारण रिग्रेशनमध्ये घटक वाढवला की मागची चूक कधीच वाढत नाही. सोळा ठिपक्यांना पंधरा घटक दिले तर चूक शून्य होते, मग ते घटक पावसाचे आकडे असोत की फुटबॉलचे. पुढच्या निवडणुकीला मात्र असं मॉडेल वेड्यासारखं उत्तर देतं, कारण त्याने नियम शिकलेला नसतो, मागच्या वर्षांचा योगायोग पाठ केलेला असतो.

येल विद्यापीठातले रे फेअर १९७८ पासून अशा समीकरणावर काम करत आले आहेत. त्यांनी निवडणूक वर्षातली वाढ, महागाई, चांगल्या तिमाहींची संख्या, पक्ष किती काळ सत्तेत आहे असे घटक जोडले. ते सारे विचारपूर्वक निवडलेले होते. तरीही १९९२ मध्ये समीकरण बुश यांच्या बाजूने गेलं आणि क्लिंटन जिंकले. काही मॉडेलं अध्यक्षाच्या लोकप्रियतेचा जूनमधला आकडाही घेतात. त्याने अंदाज सुधारतो, पण मग प्रश्न बदलतो: लोकप्रियतेत अर्थव्यवस्था आधीच मिसळलेली असते, त्यामुळे मतांवर कशाचा किती परिणाम हे वेगळं करता येत नाही.

वाढीमुळे मतं मिळतात, हे यातून सिद्ध होतं का?

नाही. रेषा दोन गोष्टी बरोबरीने हलतात एवढंच दाखवते. कारण उलट्या दिशेनेही वाहू शकतं. १९७२ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन २० टक्क्यांनी वाढवण्याचा कायदा झाला आणि वाढीव रकमेचे धनादेश ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या महिनाभर आधी लोकांच्या हातात पडले. त्या वर्षीच्या ३.६२ टक्क्यांत अशा निर्णयांचाही वाटा आहे. निवडणूक आहे म्हणून उत्पन्न वाढलं की उत्पन्न वाढलं म्हणून निवडणूक जिंकली, हे तक्ता सांगू शकत नाही. नुसता अंदाज करायचा असेल तर याने फारसं बिघडत नाही. ‘अर्थव्यवस्था दोन टक्क्यांनी वाढवा, सहा अंक मिळतील’ असा सल्ला द्यायचा असेल तर सगळंच बिघडतं.

जीडीपीचा ताजा आकडा टाकला तर?

इथे रेषा कशी मोडते ते २०२० ने दाखवलं. साथीमुळे त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेचा जीडीपी, त्या वेळच्या आकड्यांनुसार, वार्षिक दराने सुमारे ३१ टक्के घसरला. −३१ आपल्या समीकरणात टाका: ४६.२५ − ९४.८६ = −४८.६. सत्ताधारी पक्षाला उणे ४८.६ टक्के मतं! आता त्याच तिमाहीतलं हातातलं उत्पन्न घ्या. सरकारने थेट पैसे वाटल्यामुळे ते वार्षिक दराने ४० टक्क्यांहून जास्त वाढलं होतं. ४० टाकले तरी उत्तर सुमारे १६९ टक्के. ट्रम्प यांना दोन पक्षांच्या मतांपैकी प्रत्यक्षात सुमारे ४७.७ टक्के मिळाली.

चूक दुहेरी आहे. चार वर्षांच्या, वजनं लावलेल्या सरासरीवर काढलेल्या रेषेत एका तिमाहीचा आकडा घालायचाच नसतो. आणि रेषा −०.३९ ते ४.२१ या पट्ट्यातल्या ठिपक्यांवर आधारलेली आहे. त्याबाहेर ती कुठे वळते याची तिला काहीच माहिती नाही. जीडीपी आणि उत्पन्न या दोन ‘आर्थिक वाढी’ एकाच तिमाहीत विरुद्ध दिशांना किती दूर जाऊ शकतात, हेही इथे दिसतं. आकडा कोणता घ्यायचा ते निकालाआधी जाहीर न करणाऱ्या अंदाजाला काही किंमत नाही, कारण निकालानंतर जुळणारा आकडा नेहमीच सापडतो.

२०२४ ला हाच वाद पुन्हा झाला. जीडीपी वाढत होता, बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आसपास होती, तरी सत्ताधारी पक्षाच्या कमला हॅरिस यांना दोन पक्षांत सुमारे ४९.२ टक्केच मिळाली. पण त्याच कारकिर्दीत, जून २०२२ मध्ये, महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर गेला होता, आणि महागाई वजा करून मोजलेल्या उत्पन्नाची गोष्ट जीडीपीहून निराळी होती.

आकडे स्वतःच बदलतात

तक्त्यातले जुने आकडे अनेकदा सुधारून पक्के झालेले असतात. अंदाज करणाऱ्याच्या हातात मात्र पहिला, कच्चा आकडा असतो. तिमाही संपल्यावर साधारण महिनाभराने पहिला अंदाज येतो, मग दुसरा, तिसरा, आणि पुढे वार्षिक दुरुस्त्या. तिसऱ्या तिमाहीचा पहिला आकडा ऑक्टोबरअखेरीस, मतदानाच्या तोंडावर येतो.

१९९२ इथेही शिकवून जातं. मंदीच्या अधिकृत तारखा ठरवणाऱ्या एनबीईआर या संस्थेने मंदी मार्च १९९१ मध्येच संपल्याचं जाहीर केलं, ते डिसेंबर १९९२ मध्ये. तोवर बुश हरलेले होते. आज आपण जी वाढ तक्त्यात लिहितो ती त्या वेळच्या मतदारांना तशीच दिसली होती, असं धरून चालता येत नाही.

जनमत चाचण्या असताना याची गरज काय?

मतदानाच्या आदल्या आठवड्यात फारशी नाही. तेव्हा चांगल्या चाचण्या रेषेपेक्षा जवळ जातात. पण वर्षभर आधी चाचण्यांचे आकडे खूप हेलकावतात. त्या काळात वाढीची रेषा एक आधाररेखा देते: या अर्थस्थितीत सत्ताधारी पक्षाला साधारण इतकी मतं मिळत आली आहेत. प्रचार, उमेदवार, घोटाळे यांनी किती फरक पडला याची चर्चा त्या आकड्याच्या तुलनेतच अर्थपूर्ण होते. ४९ टक्के मतं घेऊन हरलेला उमेदवार वाईट होता की अर्थव्यवस्थेने ठरवलेलं ओझं वाहत होता? मॅकेन यांना ४६.३ मिळाली आणि रेषा ४६.६ सांगते, त्यांच्या प्रचाराच्या चुकांवर लिहिलेले रकाने वाचताना हे आठवावं.

दुसऱ्या लोकशाहीत हीच रेषा नेऊन लावता येत नाही. आपल्याकडच्या लोकसभेसारख्या पद्धतीत पक्ष अनेक, आघाड्या बदलत्या, आणि निकाल जागांवर ठरतो. मतांचा वाटा दोन अंकांनी हलला तर जागा किती हलतील हे विरोधक एकत्र आहेत की विभागलेले यावर अवलंबून. उतार आणि सुरुवातीची रक्कम तिथल्या निवडणुकांवरून नव्याने काढावी लागते, आणि त्याआधी ‘सत्ताधाऱ्यांची मतं’ कशाला म्हणायचं हे ठरवावं लागतं.

स्वतः करून पाहायचं असेल तर

वरच्या तक्त्यातली वाढ एका स्तंभात आणि मिळालेली मतं शेजारच्या स्तंभात कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये भरा. ‘स्लोप’ हे सूत्र उतार देतं, ‘इंटरसेप्ट’ सुरुवातीची रक्कम, आणि ‘एसटीईवायएक्स’ प्रमाणित त्रुटी. तिन्ही सूत्रांत मतं आधी आणि वाढ नंतर लिहायची असते. क्रम उलटला तर मतांवरून वाढीचा अंदाज करणारी भलतीच रेषा मिळते आणि स्प्रेडशीट काही तक्रार करत नाही. तुमची उत्तरं ३.०६, ४६.२५ आणि ३.७६ च्या आसपास आली पाहिजेत.

सूत्रांआधी ठिपक्यांचा आलेख मात्र काढाच. एखादा आकडा भरताना दशांश चिन्ह चुकलं, कार्टर यांच्या समोरचं उणे चिन्ह राहून गेलं, की तो ठिपका लगेच नजरेत भरतो. नुसत्या सूत्रात तो लपून राहतो: −०.३९ ऐवजी ०.३९ भरलं तर रेषा दिसायला ठीकच येते, उतार मात्र ३.०६ वरून ३.१९ वर जातो.

नव्या निवडणुकीसाठी उत्पन्नाचे तिमाही आकडे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ‘फ्रेड’ या मोफत संग्रहात मिळतात. मालिका निवडताना तीन गोष्टी तपासा: महागाई वजा केलेली आहे का, माणशी आहे का, आणि कर वजा केलेली आहे का. नंतर प्रत्येक तिमाहीची वाढ वार्षिक दरात बदला, ०.९ ची उतरती वजनं लावा, वजनांच्या बेरजेने भागा. येणारा अंदाज लिहिताना त्याच ओळीत पुढे ‘अधिक-उणे ८ अंक’ असंही लिहा. ९५ टक्के खात्रीसाठी सोळा ठिपक्यांची ही रेषा याहून अरुंद पट्टा देत नाही.